उजेडाला धरलेली पट्टी

आनंदराज गजभारे यांनी आयुष्यात पहिली गलोल हातात घेतली, ती चुलीत घालायला.

बिलोली तालुक्यातल्या एका शाळेत ते शिपाई होते. गुरुजी पोरांच्या दप्तरातून गलोली काढायचे आणि "घाला चुलीत" म्हणून यांच्या हातात द्यायचे. चुलीत घालण्याआधी आनंदराज ती उलटीसुलटी करून बघायचे. एक फाटा जाड, एक बारीक. खडा धरायला चामड्याऐवजी जुन्या पिशवीचा तुकडा. आणि रबर वाळून चिरा पडलेलं. एके दिवशी सहावीतल्या सत्यमच्या हातात असलंच रबर ताणताना तुटलं आणि उलटं येऊन त्याच्या डोळ्यावर बसलं. रिक्षा येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन आनंदराज शाळेच्या पायरीवर बसून राहिले. डोळा गेला. दगडानं नव्हे, रबरानं गेला. पोरं गलोल करणारच, बंदी घातली तर चोरून करणार. मग निदान कुणीतरी धड करून द्यावी, असं त्या दिवशी त्यांच्या मनानं घेतलं, ते कायमचं.

निवृत्तीनंतर तर तोच एक नाद राहिला. बांधावरची पेरू, बोर, सीताफळ, चिंच, सगळी झाडं ते धुंडाळायचे. दोन्ही फाटे सारखे असलेलं बेचकं आयतं मिळत नाही. म्हणून कोवळं असतानाच ते हेरायचं, एक फाटा रुसल्यासारखा बाजूला जात असेल तर त्याला सुतळीनं हलकेच आत ओढून बांधायचं, आणि झाडावरच वर्षभर वाढू द्यायचं. गावातल्या कितीतरी झाडांवर त्यांच्या अशा सुतळ्या होत्या आणि कुणी त्या सोडत नसे.

त्यांची बायको भामाबाई म्हणायची, "मला बघायला आले तवा मान वर केली न्हाई ह्यांनी. आन फांद्या बघा कशा न्याहाळतेत!"

"तुला बघायची काय गरज? तू सरळच होतीस," आनंदराज म्हणायचे.

गलोल देताना त्यांची एकच अट असे. पाखराला मारायची नाही, पाखराला उठवायची. ज्वारीवर थवा उतरला तर पत्र्याच्या डब्यावर खडा मारायचा. आवाजानं थवा उठतो. पंचशील घेतलेल्या घरातून जीव मारायचं हत्यार बाहेर जाणार नाही, असं ते सांगायचे.

पण त्यांचं खरं नाव होतं ते रबरासाठी. धर्माबादच्या शंकरप्पाच्या सायकल दुकानातून जुन्या ट्यूबा आणायच्या, पट्ट्या कापायच्या, आणि एकेक पट्टी पूर्ण ताणून उन्हाकडे धरायची. काळ्या रबरात टाचणीएवढा जरी उजेडाचा ठिपका दिसला, तरी पट्टी बाद. दहातल्या सात जायच्या. लोक म्हणायचे, आनंदराज मामाची पट्टी आहे, डोळे मिटून ओढा.

जूनमध्ये त्यांचा नातू अश्वजित बारावीसाठी आणि डॉक्टरकीच्या परीक्षेच्या तयारीसाठी लातूरला गेला. त्याची आई लुंबिनी, आनंदराजची सून, पदवीधर, गावातल्या अंगणवाडीत कामाला. नवरा पोलिसात, गडचिरोलीकडे. त्यामुळे मुलाची सगळी काळजी तिच्या एकटीच्या डोक्यावर. जायच्या आधी अश्वजितनं आजोबांकडे गलोल मागितली, तेव्हा तिनं स्वच्छ सांगितलं, "मामा, नको. तिथं अभ्यासाला चाललाय तो. आणि मला त्या डोळ्याच्या गोष्टीची भीती वाटते."

"बरं माय," आनंदराज म्हणाले होते. आणि आदल्या दिवशी चिंचेच्या बेचक्याची, त्यांनी आजवर केलेली सगळ्यांत देखणी गलोल त्यांनी नातवाच्या सदऱ्याच्या घडीत ठेवून दिली होती.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी परसात ते डब्यावर नेम धरून बघत होते. नातवाच्या गलोलीच्याच ट्यूबमधून कापलेली दुसरी जोडी या गलोलीला होती. पट्टी कानापर्यंत ओढली आणि ती तुटली. सपकन येऊन भुवईवर बसली. क्षणभर सगळं लाल झालं.

भामाबाई धावत आली, पदरानं कपाळ दाबलं. आनंदराज मात्र तुटलेली पट्टीच बघत होते.

"शंकरप्पानं सडकी ट्यूब दिली," ते म्हणाले.

भामाबाईनं पट्टी हातात घेतली, उन्हाला धरली. "अहो, ह्याच्यात तर चाळणीवानी भोकं हायत. हे बघा, हे. हे. दिसून न्हाई राहिलं का तुमाला?"

आनंदराजनी पट्टी परत घेतली, डोळ्यांजवळ आणली, लांब नेली. काळं रबर. सगळं काळं, एकसारखं, निर्दोष. वर्षभर त्यांना प्रत्येक पट्टी अशीच निर्दोष दिसत आली होती. ट्यूबा हल्ली चांगल्या येतात, असं समजून ते मनात खूशही होते.

"शंकरप्पा कुठं निवडून देतो?" भामाबाई हळू आवाजात म्हणाली. "तो गठ्ठा देतो. निवडणारे तुमी."

ते ओट्यावर बसले. यंदा गावात कुणाला नवी पट्टी दिली नव्हती. हुरड्याच्या दिवसांत द्यायच्या होत्या. एकच गलोल बाहेर होती. लातूरला.

अश्वजितचा फोन वसतिगृहात जमा असे, रविवारीच मिळे. तिथल्या बसवराज सरांचा नंबर फक्त लुंबिनीकडे होता. म्हणजे तिला सांगावं लागणार होतं. दुपारी ती अंगणवाडीतून आली, पाणी प्यायली, आणि सासऱ्याच्या कपाळाला बांधलेलं फडकं बघून जागीच थांबली.

आनंदराजनी काही लपवलं नाही. गलोल दिली ते सांगितलं, रबर तुटलं ते सांगितलं. आपल्याला दिसत नाही, हे मात्र तोंडातून निघालं नाही. "ट्यूब खराब निघाली," एवढंच म्हणाले.

लुंबिनीनं हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "मी नको म्हणाले होते, मामा."

"हाव. म्हणली होतीस."

तिनं फोन लावला. बसवराज सर हसले. "ताई, इथं पोरांना डोकं खाजवायला सवड नाही, गलोल कुठली घेऊन बसलात? संध्याकाळी टेस्ट आहे. बघतो मी." आणि फोन ठेवला. रात्री आठपर्यंत तिनं आणखी तीनदा लावला. कुणी उचलला नाही.

पहाटेच्या गाडीनं दोघं निघाली. नरसीच्या चौकात गाडी बदलली. लुंबिनी खिडकीपाशी, मांडीवर भाकरीचं गाठोडं. आनंदराजच्या पिशवीत वेगळ्या ट्यूबच्या सहा पट्ट्या, चामडं, दोरा, चाकू. वाटेत ती एकदाच बोलली, "सत्यमचा कोणता डोळा गेला होता?"

"डावा."

तिनं तोंड खिडकीकडे वळवलं.

वसतिगृहाच्या फाटकाशी दोघं पाऊण तास उभी होती. मग क्लासमधून पोरांचा लोंढा आला, पाठीवर पिशव्या, माना खाली. त्यातून अश्वजित बाहेर आला. आईला बघून आधी हसला, मग हात गालावर नेला. तिनं तो हात बाजूला केला. डाव्या डोळ्याच्या बोटभर खाली निळा-काळा वळ होता.

"कधी?"

"शनिवारी. काही नाही गं. पलंगाचा कोपरा लागला."

"अश्वजित."

तो आजोबांकडे बघून म्हणाला, "आबा, पट्टी चांगलीच होती. मीच जास्त ओढली."

आनंदराजना वाटलं, हे पोर आपल्याला वाचवायला बघतंय. भर उन्हात, पोरांच्या गर्दीत, ते फाटकाच्या खांबाला धरून उभे राहिले.

"न्हाई बाबा," ते म्हणाले. "ट्यूबही खराब नव्हती. पट्टीत भोकं होती आन मला ती दिसली न्हाईत. मला दिसत न्हाई आता. वर्ष झालं. पेपरातली अक्षरं पुसट झाली तवाच कळलं होतं, पण डोळे गेले म्हणलं तर माझ्याकडं राहिलं काय? म्हणून बोललो न्हाई. लुंबिनी, काल तुला खोटं सांगितलं. तुझ्या पोराचा डोळा बोटभर अंतरानं वाचला, तो माझ्यामुळं न्हाई."

लुंबिनीनं अश्वजितचा हात धरला. तिनं पोराला कडेच्या पारावर बसवलं, भाकरी सोडली. तो खाताना ती त्या वळाकडे बघत होती.

"ती गलोल कुठाय?" तिनं विचारलं.

त्यानं पिशवीच्या तळातून काढली. चिंचेचं गुळगुळीत बेचकं, एका बाजूला तुटक्या रबराचं शेपूट.

"कशाला लागते तुला?"

अश्वजित घास चघळत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "संध्याकाळी गच्चीवर जातो. तिथं एक रिकामा डबा आहे. दहा खडे मारतो, बस. तेवढा वेळ डोक्यात काही नसतं, आई. मार्क नाही, रँक नाही. नाहीतर झोपेतसुद्धा चालूच असतं." तो पुढं म्हणाला, "शनिवारपासून तेही बंद आहे."

लुंबिनीच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. पाच महिने ती दर रविवारी फोनवर विचारायची, जेवलास का, मार्क किती. या दहा खड्यांबद्दल तिला कधी काही कळलं नव्हतं. सासऱ्याला तरी कुठं माहीत होतं? त्यानं नुसती मागितली आणि यांनी दिली होती.

ती आनंदराजकडे वळली. "पट्ट्या आणल्यात ना, मामा?"

"आणल्यात. पण नको माय. माझ्या हातची आता..."

"द्या इकडं."

त्यांनी पिशवीतून पट्ट्या काढून तिच्या ओंजळीत ठेवल्या. तिनं पहिली दोन्ही हातांनी ताणली.

"असं न्हाई," आनंदराज म्हणाले. "अंगठ्यानं दाबून धर. पूर्ण ओढ. आन उन्हाकडं. सावकाश सरकव, एका टोकापासून."

तिनं तसं केलं. डोळे बारीक करून बघत राहिली. "ही नको," म्हणाली आणि बाजूला ठेवली. दुसरीही ठेवली. तिसरी तिनं दोनदा बघितली, उलटी करून पुन्हा बघितली, आणि मांडीवर घेतली. चौथी बाद. या सहाही पट्ट्या आनंदराजनी निर्दोष म्हणून बांधून आणल्या होत्या. ते मान खाली घालून चाकूनं बेचक्यावरची जुनी गाठ सोडवत राहिले. तेवढं हातांना अजून येत होतं, त्याला डोळा लागत नव्हता.

"आई, चष्मा घालून मारीन," अश्वजित म्हणाला. "मित्राकडं साधा चष्मा आहे."

"घालशीलच," ती म्हणाली. नजर पट्टीवरून न काढता.

पाचवी पट्टी तिनं मांडीवरच्या पट्टीशेजारी ठेवली. जोडी झाली. आनंदराजनी हात पुढे केला.

"बांधू का मग?"

लुंबिनीनं त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांवर आलेला तो दुधट पडदा तिनं पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितला. मग दोन्ही पट्ट्या तिनं पुन्हा उचलल्या.

"थांबा, मामा," ती म्हणाली. "एकदा अजून बघते."