मालकांनी मालकाला दिलेलं रान

मच्छिंद्र दौंडच्या एका कॉलेजात ग्रंथालय परिचर आहे. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. तीस वर्षांत त्याने हजारो पुस्तकांच्या सुटलेल्या पाठी चिकटवल्या, पण वाचायची सवय लागली ती फक्त सातबाऱ्याची. राहू गावाच्या पुढे, नदीकडे जाणाऱ्या रस्त्याला सव्वा एकर रान आहे. महार वतनाचं. गावाची राखण करायची, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवायचं, मेलेली जनावरं ओढायची, या चाकरीपोटी त्याच्या पणजाच्या बापाला मिळालेलं. वतनं कायद्याने संपली तेव्हा ते मच्छिंद्रच्या वडिलांच्या, रंगनाथच्या नावावर झालं. पुढे रंगनाथला रेल्वेच्या गँगमध्ये नोकरी लागली आणि त्याने रान शेजारच्या बागायतदाराला वाट्याने लावलं. सगळं तोंडी.

सुरुवातीला अर्धा वाटा यायचा. मग दोन पोती. मग गुळाची एक ढेप. बागायतदाराच्या माघारी त्याचा मुलगा पोपटराव रान कसू लागला, आणि मधल्या एका फेरफारात रंगनाथचं नाव सातबाऱ्यावरून गेलं. कसं गेलं, ते कुणी सांगत नाही. पोपटराव म्हणतो, रंगनाथने रान तोंडी विकलं. रंगनाथ आता नाही. ढेप मात्र दर वर्षी गुऱ्हाळ पेटलं की पहिल्या आठवड्यात दारात येते.

बौद्ध झाल्यावर रंगनाथने ओढकाम सोडलं, बलुतं सोडलं, सणाचं ताटसुद्धा घेईना. ढेप तेवढी घ्यायचा. "ही मागून आणल्याली न्हाई. आपल्या रानाची हाय," असं तो मच्छिंद्रला सांगायचा.

मच्छिंद्रने रान परत मिळावं म्हणून अर्ज केला होता. त्या तोंडी व्यवहाराला हजर असलेलं एकच माणूस आता जिवंत होतं. त्याची आई पार्वतीबाई, वय चौऱ्याऐंशी. ती आहे तोवर निकाल लागला तर लागला.

सुनावणीच्या महिनाभर आधीची गोष्ट. त्याची मुलगी दीक्षा बाहेरून इतिहासाचं एम. ए. करते. आयर्लंडमधले नॉर्मन सरदार आणि त्यांची जमीनधारणा, यावर तिला टिपण लिहायचं होतं. हातात मराठी गाईड होतं.

"पप्पा, ह्यात लिहिलंय, राजा सरदाराला जमीन द्यायचा, तिला 'सरदाराची फी' म्हणायचे. फी म्हणजे?"

"कॉलेजात भरत्यात ती असंल."

"सरदार काय ॲडमिशन घ्यायला आलेला का?"

दुसऱ्या दिवशी त्याने ग्रंथालयातून एक जाड इंग्रजी पुस्तक आणून दिलं. त्याची पाठ त्यानेच दोनदा चिकटवलेली होती. दीक्षाला दोन दिवस लागले. मग ती म्हणाली, ही फी म्हणजे पैसे नव्हेतच, ती जमीनच. साडेआठशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधले नॉर्मन सरदार आयर्लंडात उतरले. राजाने एकाला अख्खा मीथ प्रांत दिला. अट एवढीच, लढाईला पन्नास घोडेस्वार पाठवायचे. त्याने तोच प्रांत तुकडे करून आपल्या माणसांना दिला, तशाच अटीवर. आधीपासून तिथे कसणारे आयरिश लोक जमिनीबरोबरच मोजले गेले.

"म्हंजी वतनच की," मच्छिंद्र म्हणाला. "चाकरी करा आन् रान खा."

"फरक हाय. त्यांची चाकरी घोड्यावर बसून, आपली मढं वढून."

मग तिने आणखी एक सांगितलं. काही जण धन्याला वर्षाला फक्त हातमोज्यांचा एक जोड द्यायचे, नाहीतर गुलाबाचं एक फूल. किमतीला नाही, जमीन मुळात कुणाची ते विसरू नये म्हणून.

मच्छिंद्रने चहाचा कप खाली ठेवला. "ढेप," तो म्हणाला.

दीक्षा पुढेही वाचत होती. आयरिश राजे इंग्लंडच्या राजापुढे वाकले ते बहुधा मान द्यायला. राजाच्या माणसांनी त्याचा अर्थ लावला की जमीन दिली. त्यांच्याकडे कागद होता, आयरिशांकडे आठवण. मच्छिंद्रचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याला ढेप सापडली होती. विकलेल्या रानाचा कुणी वर्षानुवर्षं गूळ देतं का? त्याने तसं अर्जाला जोडून लिहून दिलं.

सुनावणीला पार्वतीबाई इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून आली. समोर अधिकारी, बाजूला टाइप करणारा कारकून, भिंतीशी पोपटराव हात जोडून उभा.

"आजी, रान कुणाचं?"

"आमचं."

"मग हे कसं कसतात?"

"मालकांनी मालकाला दिलं."

अधिकाऱ्याने मान वर केली. "कुणी कुणाला?"

"आमच्या मालकांनी. ह्यांच्या थोरल्या मालकाला."

"तुमच्या मिस्टरांचं नाव सांगा."

पार्वतीबाईने पदर ओढून घेतला. नवऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलं नव्हतं.

"उखाण्यात घ्या मग," कारकून म्हणाला. दोघंतिघं हसले.

"साहेब, मी सांगतो," मच्छिंद्र पुढे झाला.

"तुम्ही मध्ये बोलायचं नाही. जबाब त्यांचा आहे. आजी, गुळाची ढेप कोण देतं?"

"मालक देत्यात."

"म्हणजे हे?"

"व्हय."

"कशाबद्दल?"

ती पोपटरावाकडे वळली. तो डोळ्यादेखत उभा होता. समोरच्या माणसाला 'हा आमचा वाटा' असं सुनवायचं तिला कधी जमलं नव्हतं. इतकी वर्षं ढेप दारात आली की ती जे बोलायची तेच बोलली.

"मालकांची मर्जी."

कारकुनाने जबाब वाचून दाखवला. 'सदर जमीन माझ्या पतीने मालकास दिली. सामनेवाले हे मालक असून ते मर्जीने गूळ देतात.' सगळे शब्द तिचेच होते. तिने अंगठा उठवला.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "नीट बोलले का रं?"

"व्हय," मच्छिंद्र म्हणाला.

तीन महिन्यांनी अर्ज फेटाळल्याचा हुकूम आला. कारणांत जबाबातली दोन्ही वाक्यं जशीच्या तशी होती. त्याच आठवड्यात दीक्षाचं टिपण तपासून आलं. पहिल्या पानावर लाल शाईत 'उत्कृष्ट' लिहिलेलं होतं. तिने ते घरात कुणाला दाखवलं नाही.

या हंगामात गुऱ्हाळ पेटलं आणि पोपटराव स्वतः पिकअप घेऊन आला. ढेप ओट्यावर ठेवून त्याने खिशातून एक छापील कागद काढला.

"तेवढा अंगठा घे आईचा. वकील म्हणला, पावती घेत जावा."

मच्छिंद्रने वाचलं. 'गरिबास मदत म्हणून मिळाली.' त्याने कागदाची घडी केली आणि ढेपेवर ठेवली.

"न्या परत."

"मच्छिंदर, बापापासनं चालत आल्यालं हाय. मोडू नगंस."

"बापापासनं पावती नव्हती, पोपटआबा."

पार्वतीबाई उंबऱ्याशी येऊन उभी राहिली होती. तिने पोपटरावाकडे सरळ बघितलं.

"वाट्यानं दिल्यालं रान हाय ते. रंगनाथनं दिल्यालं. रंगनाथ भिवाजीनं, तुझ्या बापाला. इकल्यालं न्हाई."

मच्छिंद्रने आईच्या तोंडून वडिलांचं नाव पहिल्यांदाच ऐकलं. पोपटरावाने ढेपेवरचा कागद उचलून खिशात घातला.

"आता कोण लिवून घ्यायचं हे, पार्वताबाई?" तो म्हणाला. आवाजात कुचेष्टा नव्हती. त्याने ढेप उचलली, पिकअपमध्ये ठेवली आणि गेला.

"तू तरी लिवून घे," आई म्हणाली.

मच्छिंद्रने दीक्षाची वही घेतली आणि मागच्या कोऱ्या पानावर आईचं बोलणं शब्दाला शब्द लिहिलं. खाली तारीख घातली. तिचा अंगठा घेतला. साक्षीदार म्हणून कुणाचं नाव लिहावं, ते मात्र त्याला सुचेना.