खुनी कोण, आणि पाणी कुठं?

वाचनालयात दोन गोष्टी रोज साचतात. कपाटावर धूळ आणि टेबलावर किस्से. धूळ झटकता येते, किस्से झटकवत नाहीत. तेर गावच्या आमच्या वाचनालयाची किल्ली पुढं कितीतरी वर्षं माझ्याच खिशात राहिली, ती तक्रारी घेऊन येणाऱ्या वाचकांच्या कृपेनं. त्यांचे उपकार विसरू म्हटलं तरी विसरायचे नाहीत!

वाचनालय म्हणजे काय, तर सोसायटीच्या ऑफिसामागची खोली आणि दोन कपाटं. पुस्तकं देतो म्हणून गावानं मला मास्तर करून टाकलेलं. मोठा दुष्काळ पडला त्या साली सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "मास्तर, दुष्काळी कामावर मजुरांना खायला द्यायच्या सुकडीची पोती ठेवायला खोली लागणार. वाचक दाखवा, न्हायतर दिवाळीला किल्ली द्या."

मग काय! दिसेल त्याच्या हातात मी पुस्तक कोंबायला लागलो.

*

काशप्पाअण्णांचं पेठेत भुसार दुकान. त्यांना मी एकदम गरमागरम डिटेक्टिव्ह कादंबरी दिली. अण्णांनी उंबऱ्यातच उभ्या उभ्या शेवटचं पान वाचलं आणि पुस्तक परत टेबलावर!

"खुनी कळला की. आता दोनशे पानं कशाला वाचू?"

"अहो अण्णा, शेवट कुणी आधी वाचतं का?"

"मास्तर, पोतं घेताना म्या तळातला दाणा बघतो. वर समदेच चांगला माल ठेवत्यात!"

*

दत्तूबापूंची विहीर आटलेली. त्यांनी कव्हरवर विहीर बघून एक कादंबरी नेली. आठ दिवसांनी आले ते तणतणतच.

"चाळीस पानं झाली, आजून पाणी लागंना!"

"बापू, लव्हस्टोरी आहे ती."

"असंल. पर ती पोरगी हिरीच्या काठाला बसून निस्ती रडाय लागलीया. आक्ख्या पुस्तकात पाणी काय ते तेवढंच!"

चूक माझीच होती. मी त्यांना विहीर खोदाईचं शेतीखात्याचं पुस्तक काढून दिलं. दुसऱ्या दिवशी तेही परत आलं.

"ह्यात कुणी रडतच न्हाय. ती पोरगी द्या इकडं. तिचं पुढं काय झालं?"

*

रखमाआजींना अक्षरओळख नव्हती. सून वाचायची, आजी ऐकायच्या. पण शिरस्ता पोथीचा! रोज आंघोळ करून एकच अध्याय, मधे उठायचं नाही, उद्याचं पान आज उघडायचं नाही. एका खुनाची कादंबरी त्यांनी अशी सतरा दिवस पुरवली. अठराव्या दिवशी आजी स्वतः हजर.

"मास्तर, फलश्रुती कुठं हाय? हे वाचून काय मिळतं, ते लिवलंच न्हाय!"

मी गडबडलो. म्हटलं, "आजी, तुम्हाला काय मिळालं?"

आजी म्हणाल्या, "सतरा दिस सून माझ्यापाशी बसली की!"

माझं पुस्तक इतकं कामाला आलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

*

एवढं करूनही दिवाळी जवळ आली तशी खोली ओस पडली. निम्मं गाव तेरणेच्या कोरड्या पात्राशेजारी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं. वाचक तिकडं, तर मीही तिकडं! दुपारच्या सुट्टीत बायका भाकरी खायला बसल्या की मी मोठ्यानं वाचायचो. सुरुवात अर्थात डिटेक्टिव्हनं.

टोळीतल्या थोरल्या कौसाबाई फुफाट्यानं माखलेले पाय लांब करून बसलेल्या. म्हणाल्या, "मेला त्यो मेला. आता येवढी पळापळ कशापायी?"

दुसऱ्या दिवशी मी नेमकं कधीच कुणी न नेलेलं पुस्तक उचललं. गोष्ट अशी नाहीच. हिरॉईन नदीत पाय सोडून बसते आणि पुढं नऊ पानं नुसती नदी! मी म्हटलं, "हे गाळतो, पुढं क्लायमॅक्स आहे."

"गाळू नगा," कौसाबाई म्हणाल्या. "आन हळू वाचा."

तेव्हापासून रोज तीच नऊ पानं. क्लायमॅक्स कुणी विचारलाच नाही.

दिवाळीच्या आदल्या दिवशी वाचन संपत आलं आणि चेअरमनसाहेब येऊन उभे राहिले. हात पुढं केला. "मास्तर, किल्ली."

मी पुस्तक मिटलं.

"मिटू नगा मास्तर," कौसाबाई म्हणाल्या. "पैल्यापासनं घ्या. साहेबांचे पाय कोरडे हायत."

चेअरमनसाहेबांनी हात मागं घेतला. चपला काढून हातात धरल्या, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि जपून पाय टाकत बायकांच्या मागं येऊन बसले.