बबनदादांच्या शेडमधले तेलरंग

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. तेलरंगांचं तर विचारूच नका. हात पुसलेल्या चिंध्यांचा कोपऱ्यात ढीग होतो ना, तसे तेही साचत जातात. मी रोजची वही लिहितो, म्हणून माझा ढीग जरा नीट रचलेला, इतकंच.

आमची मंडळी तिघांचीच. शहापुरात बबनदादांची शेड आहे. पूर्वी तिथे दुकानांचे बोर्ड रंगायचे, फ्लेक्स आल्यापासून रिकामीच. मी औषधांच्या दुकानात कामाला. तिसऱ्या सुनंदाताई, खर्डीजवळच्या पाड्यावरच्या अंगणवाडी सेविका. दर रविवारी जमायचो. दादांना ब्रश धरता यायचा, मला पुस्तकं वाचता यायची, गुरू कुणीच नव्हता.

आम्ही दोघं हौसेला आलेले. ताईंचं तसं नव्हतं. त्यांच्या बाला, म्हणजे वडलांना, काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही आणि आहे ती किती दिवस टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"बानं सवताचं तोंड आधार कार्डावरच पाह्यलंय, भाऊ. त्यात तो चोरावानी दिसतो," ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "त्याला दिसतंय तवर मला त्याचं मोठं चित्र काढून दाखवायचंय."

*

सुरुवात दादांनी केली. माहुलीचा डोंगर काढला. सेटमधली हिरवी ट्यूब पिळली आणि सरळ फासली. बोर्डाचीच सवय! ताईंनी मान वाकडी करून बघितलं.

"दादा, डोंगर हाय का पलास्टिकची खुर्ची?"

त्यानंतर दादांनी ती ट्यूब उघडली नाही. पिवळ्यात निळा घालायचे आणि वर नखभर लाल. म्हणायचे, "हिरव्याला जरासा लाल दिला की तो गप बसतो." माझ्या सगळ्या पुस्तकांत मिळून इतकं सोपं वाक्य मला सापडलेलं नाही.

*

तेलरंगात जवसाचं तेल घालतात. ते हळूहळू वाळतं आणि रंगाला धरून ठेवतं. एकदा शेडमधली बाटली संपली, तेव्हा ताईंनी चित्र घरी नेलं आणि खुरासणीचं, म्हणजे कारळ्याचं, तेल वापरलं.

"बी तं बीच ना? आमच्या माळावरची हाय!"

भाताच्या खाचराचं सुंदर चित्र झालं, पण ते वाळेचना. तीन आठवड्यांनी घरी भाताची झोडणी निघाली आणि भिंतीला टेकवलेल्या चित्रावर तूस, पेंढ्याचे तुकडे, सगळं येऊन बसलं. ताईंनी ते तसंच शेडमध्ये आणलं.

दादा म्हणाले, "भाऊ, पीक आलंय. कापायला माणसं लावा!"

तिघंही पोट धरून हसलो. घरी आल्यावर मात्र मी वहीत लाल शाईनं लिहिलं, 'ओलं चित्र शेडबाहेर जाऊ द्यायचं नाही.' त्या ओळीवर आज काट मारावीशी वाटते.

*

मुरबाडच्या माझ्या भाचीला लग्नात मी तिचंच चित्र दिलं होतं, लाल शालूतलं. दोनेक वर्षांनी तिच्या घरी गेलो, तर ती हसत म्हणाली, "मामा, माझा शालू धुतलात का तुमी?"

बघतो तर लालाचा फिकट गुलाबी झालेला! चित्र खिडकीसमोर होतं, उन्हानं रंग खाल्ला. ट्यूबवर बारीक तारे छापलेले असतात. जितके जास्त, तितका रंग टिकाऊ. माझ्या लालावर एकच होता. दिवसभर औषधांवरची बारीक अक्षरं वाचणाऱ्या माणसाला तो दिसला नाही!

भाचीनं चित्र उतरवलं नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. त्या दिवसापासून मी दुप्पट काळजी घ्यायला लागलो. ती सगळी काळजी ताईंच्या वाट्याला आली.

*

पुढच्या पावसाळ्यात ताईंनी बाचं चित्र सुरू केलं. सेटमध्ये अंगाच्या रंगाची म्हणून एक तयार ट्यूब असते. त्यांनी तो रंग कागदावर घेतला आणि घरी बाच्या दंडाशी धरला. बानं कागद डोळ्यांजवळ नेला, बाजूला केला, परत आणला.

"ही कुणाची कातडी आणलीस गो? मी उन्हातला हाय. हा सावलीत बसलेला दिसतोय."

दादांनी ती ट्यूब थेट कचऱ्यात टाकली. मग भाजल्या मातीचा तांबूस, गेरूच्या जवळचा पिवळा आणि चिमूटभर निळा मिळवून ताईंनी रंग केला. नवा कागद पाहून बा म्हणाला, "आता मी हाय."

*

गणपतीपर्यंत चित्राचा पहिला हात झाला. चेहरा ओळखू येत होता.

ताई म्हणाल्या, "भाऊ, घरी न्यू का? बाला आता ताटातला भात चाचपावा लागतो."

मी म्हणालो, "ओलं आहे. आणि अर्धवट काय दाखवायचं?" खालचा हात पातळ, वरचा तेलकट, मधे पुरतं वाळू द्यायचं, नाहीतर चित्राला भेगा पडतात. हे सगळं मी त्यांना वहीतून वाचून दाखवलं.

दादा चिडले. "अहो, खोक्यात उभं बसवतो, स्कूटरवरनं नेतो. धा मिनिटं दाखवू नि परत आणू. आमचे बोर्ड सकाळी रंगायचे नि संध्याकाळी लागायचे!"

"हा बोर्ड नाही, दादा," मी म्हणालो.

नियम बरोबर होता. पावसाळी हवेत पांढरा रंग वाळायचं नाव घेईना. दुसरा हात झाला, तिसरा झाला. दर रविवारी ताई विचारायच्या, "न्यू का?" शेवटचे दोन रविवार त्यांनी विचारलं नाही. का, ते मीही विचारलं नाही.

दिवाळीनंतर आम्ही तिघं चित्र घेऊन पाड्यावर गेलो. एकही भेग नव्हती. बा ओट्यावर बसला होता. ताईंनी चित्र त्याच्यासमोर धरलं. बाची नजर डावीकडे, कुडाच्या भिंतीवर.

ताईंनी त्याचा हात धरला आणि चित्रातल्या गालावर ठेवला. बानं कपाळावरून, नाकावरून, मिशीवरून सावकाश बोटं फिरवली. मग ती अंगठ्यावर चोळून पाहिली.

"रंग बरा वाळलाय गो," तो म्हणाला.