कणगीवरचा पंजा

ज्वारी चोरीला जाऊ नये म्हणून मी कणगीचं फक्त तोंड लिंपलं.

परवा नातीच्या इतिहासाच्या पुस्तकात जुन्या धान्यकोठाराचा मातीचा शिक्का पाहिला आणि उंद्री गावातल्या आमच्या घरातला तो ओल्या शेणमातीचा वास आठवला. माणूस धान्य साठवायला शिकला, त्याच दिवशी शेजाऱ्यावर संशय घ्यायलाही शिकला असावा. तेव्हा कॉलेजातून सुटीला आलेल्या माझा संशय रहीमचाचांवर होता. आमचं वावर ते बटईनं, म्हणजे पिकातल्या वाट्यावर, करत आणि त्यांच्या वाट्याची ज्वारीही आमच्याच कणगीत असे. लिंपणावर मी शिक्का म्हणून माझा पंजा उमटवला. रोज सकाळी पाहावं तर पंजा शाबूत, पण कणगीवर टिचकी मारली की आवाज कालच्यापेक्षा पोकळ! शेवटी मी वडिलांना सांगितलं, "पुढच्या साली चाचाले वावर देऊ नका."

तेवढ्यात वहिनी सूप घेऊन आली, कणगीच्या बुडाशी बसली, तिथल्या भोकातला चिंध्यांचा बोळा रोजच्यासारखा ओढला आणि दळणापुरती ज्वारी सुपात घेतली.

दारात उभ्या रहीमचाचांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "दोन टाइम भाकर तूच खाऊन राह्यला बे, अन् चोर मी काऊन?"