मुकादमाच्या पिशवीतली आधार कार्डं

चार माणसं चहाला जमली की आमच्या ऑफिसातल्या गोष्टी निघतातच. ऑफिस म्हणजे आमच्या छोट्या संस्थेची, कर्जतमध्ये टायरच्या दुकानावरची एक खोली, दोन टेबलं, मी आणि मधुकाका. काका लोधिवलीचे, निवृत्त मास्तर. फायली ते नीट लावतात. किस्से मात्र खोलीभर पडलेले असतात!

*

मासळी उद्योगातल्या स्थलांतरित कामगारांच्या हक्कांवर परदेशात शिकून मी परत आले. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याने विचारलं, "ताई, काम कसलं करता?" मी सांगितलं. तो मागे वळून म्हणाला, "मासळी? कर्जतात? मंग चुकीच्या स्टेशनावर उतरलात!"

चुकीच्या स्टेशनावर नव्हते उतरले. पळसदरीच्या वरच्या वाडीतून दर दिवाळीनंतर अकरा बायका टेंपोने किनाऱ्यावर जातात. कोळंबी सोलायच्या शेडमध्ये, बर्फाच्या पाण्यात हात घालून, पार पावसाळ्याच्या तोंडापर्यंत काम. नेणारा मुकादम पहिल्याच दिवशी सगळ्यांची आधार कार्डं गोळा करून पिशवीत टाकतो. कार्ड त्याच्याकडे, म्हणजे मधेच निघायची सोय नाही. ती कार्डं जिची तिला परत मिळवून द्यायची, हे आमचं भांडण.

*

वाडीतल्या पहिल्या मीटिंगला मी तक्तेबिक्ते लावून तासभर बोलले. मोकळेपणाने काम सोडता येणं हा माणसाचा हक्क आहे, वगैरे. शेवटी म्हटलं, "कुणाला काही विचारायचंय?"

तारामावशीने हात वर केला. वाडीत तिचा शब्द चालतो. "ताई, तुला कोळंबी सोलता येते का गं?"

लगेच कुणीतरी कोळंबीचा वाटा आणला. माझ्या सहा सोलून होईपर्यंत मावशीचं टोपलं रिकामं! माझ्या सहांकडे बघून ती म्हणाली, "नशीब, तू शिकलीस. शेडवर तुला कुनी घेतलं नसतं."

*

मग हातमोज्यांची मोहीम. बर्फाने बायकांची बोटं फुटतात, म्हणून मी शेडच्या मालकाला पत्रांवर पत्रं लिहिली. अखेर त्याने हातमोजे दिले. मी खूष! अहवालातही लिहिलं.

सीझननंतर वाडीत गेले, तर मावशीच्या घरात आढ्याला हातमोजे टांगलेले. टम्म फुगलेले.

"यात काय भरलंय?"

"जवला. सुका. एका बोटात एका दिवसाचं कालवन!"

"अगं, ते हातात घालायचे होते!"

"घातले की. कोळंबी सटकते त्यात. सोताला इचारून मागवलेस, आमाला इचारून नाय."

पुढचे हातमोजे आम्ही मावशीला दुकानात नेऊन घेतले. तिने दुकानदाराकडून बादलीभर पाणी मागवलं, भुईमुगाच्या शेंगा त्यात टाकल्या आणि एकेक जोडी घालून सोलून बघितल्या. दुकानदार अजून आम्हाला ओळखतो.

*

शेडवरून फोन करताना मुकादम शेजारी उभा असतो. म्हणून मी एक सांकेतिक वाक्य शिकवलं. काही संकट असेल तर म्हणायचं, 'आजी आजारी आहे.'

एका दुपारी मावशीच्या सुनेचा, सुशीलाचा फोन आला. "ताई, आजी आजारी आहे." आम्ही जीप काढली. तीन तास काकांनी हॉर्नवरचा हात काढला नाही. शेडवर उतरताच मी ओरडले, "सुशीला, काय झालं?"

"आजी आजारी हाय."

"ते कळलं गं! पण झालंय काय?"

"आजी! ताप आलाय तिला. वाडीवरनं निरोप आला."

काका कपाळाला हात लावून म्हणाले, "वाक्य बदला हो आता!"

हसू आलं, पण पुढचं हसण्यासारखं नव्हतं. सुशीला कार्ड मागायला गेली, तर मुकादम म्हणाला, "जायचं तर जा. कार्ड सीझन संपल्यावर." ती तशीच जीपमध्ये बसली. आजी बरी झाली. कार्ड पिशवीतच राहिलं. सीझन संपला तरी त्याने एकीचंही परत दिलं नाही. पुढच्या वर्षी बायकांनी दुसऱ्या शेडवर जाऊ नये म्हणून!

*

यंदा दिवाळीनंतर टेंपो वाडीत आला. सकाळची वेळ, अकराजणी समाजमंदिराच्या पायरीवर. मी कायद्याचं कलम काढून उभी राहिले, तर मावशीने मला हातानेच बसवलं.

"मुकादमा, आमची कार्डं तू का ठेवतोस रं?"

"मावशी, तुमच्याच भल्यासाठी. तुमी हरवता. माझ्याकडं नीट राहतात."

"खरं हाय. आनि तुझं कुठं असतं?"

"हे काय, खिशात."

"बगू."

त्याने दिलं. मावशीने फोटो बघितला, कार्ड शेजारणीला दिलं. "इथं बरा दिसतोय." कार्ड पुढे सरकलं. "केस होते तवा!" आणखी पुढे. शेवटी सुशीलाने ते कंबरेच्या पिशवीत टाकलं आणि नाडी ओढली.

मुकादम हसला. मग हसायचा थांबला. "माझं कार्ड?"

"हाय की," मावशी म्हणाली. "नीट हाय. सीझन संपला की देऊ."

"अवो, मला उद्या लागतंय!"

अकराजणी त्याच्याकडे बघत बसल्या. एकही उठली नाही. टेंपोच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

बऱ्याच वेळाने मुकादम टेंपोपाशी गेला आणि सीटखालची पिशवी घेऊन आला. मावशीने एकेक कार्ड जिचं तिच्या हातात दिलं. अकरावं झाल्यावर सुशीलाला खूण केली, त्याचं त्याला परत दिलं आणि म्हणाली, "जपून ठेव रं. कुनी मागितलं की लगेच देतोस तू."