परत पाठवलेले पेढे

मोताळ्याजवळच्या एका कापूस जिनिंगमध्ये शालिग्राम एकोणतीस वर्षं ग्रेडर होते. कापसाच्या गाडीत खांद्यापर्यंत हात घालायचा, आतला कापूस मुठीत दाबायचा आणि ओल सांगायची. शेतकरी त्यावर वाद घालत नसत.

जिनिंग उकंडरावांचं. तीन वर्षांपासून त्यांचा मुलगा हर्षल ते पाहतो. लहानपणी तो शालिग्रामांना काका म्हणायचा. नोव्हेंबरात एका सकाळी शालिग्रामांनी एक गाडी ओली म्हणून बाजूला काढली. हर्षलने ओल मोजायचं यंत्र वरच्या थरात खुपसलं.

"मशीन आठ टक्केच दाखवून राह्यली, माल सुका हाय. तुले जास्त समजते काय बे?"

वजनकाट्यापाशी पंधरा-वीस शेतकरी उभे होते. काही हसले. गाडीतला कापूस गंजीवर उतरवला गेला. तिसऱ्या दिवशी गंजी आतून तापली आणि कापूस पिवळा पडला.

त्या घरात चुकलं असं कोणी म्हणत नाही. उकंडरावांच्या पत्नी कोकिळाबाई पेढ्यांचा डबा पाठवतात आणि विषय संपतो. शालिग्रामांचं बोट यंत्राच्या पट्ट्यात गेलं, तेव्हाही डबाच आला होता. या वेळीही त्यांचा ड्रायव्हर दीपक डबा घेऊन आला. शालिग्रामांनी तो त्याच्याच हाती परत पाठवला आणि ते घरी बसले.

हंगाम भरात होता. पाचव्या दिवशी उकंडराव स्वतः आले.

"पेढे काऊन वापस केले?"

"आता गोड सोसत नाही, भाऊ."

"पगार वाढवू काय?"

"पगाराचं मी काही बोललो काय?"

"मंग मनावर काऊन घेता? लेकरू हाय ते."

"छत्तीस वर्साचं?" शालिग्रामांच्या पत्नी सोजराबाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या.

उकंडराव हसले. शालिग्राम हसले नाहीत.

"त्यानं काट्यापाशी म्हटलं, भाऊ. काट्यापाशीच म्हणू द्या, चुकलो म्हणून. उद्या येतो."

उकंडरावांनी मान हलवली. "तो नाही म्हणत. मीच कधी कोणाले म्हटलं नाही, तं तो कुठून शिकंन?"

चहा अर्धा ठेवून ते उठले.

सोमवारपासून शालिग्राम मलकापूरकडच्या एका जिनिंगवर जातात. पगार तेवढाच आहे, एसटी मात्र दोन बदलाव्या लागतात. पहिल्या दिवशी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, जेवायला कुठे बसायचं हे त्यांना विचारावं लागलं.