हरीशचे तेल पाजलेले बूट

आमचा हरीश मूळचा माण तालुक्यातला. सातासमुद्रापार पामर्स्टन नॉर्थ ह्या गावी शिकायला आला आणि दूध काढायच्या मशीनी दुरुस्त करत तिथंच राहिला. गडी हाताचा पक्का, पण पायात काय घालावं हे त्याला कधी उमगलं न्हाई.

२०१६ च्या एप्रिलातली गोष्ट. तिकडं ऋतू उलटे, हिवाळा तोंडावर आलेला. रॉस नावाचा शेतकरी त्याचं गिऱ्हाईक. त्याच्या डोंगरावर सशांनी नुसता उच्छाद मांडलेला. आता, मालकाच्या हुकमाबिगर कुणाच्या रानात बंदूक नेता येत न्हाई. हरीशकडं परवाना होता, बंदूक होती, रान तेवढं नव्हतं. रॉसनं दोनदा बरोबर नेऊन बघितलं. पहिल्यांदा हा पळायचे बूट घालून गेला आणि नदीच्या गोट्यांवर सपशेल आपटला. दुसऱ्यांदा गमबूट घातले, तर त्यांच्या डबक-डबक आवाजानं एक ससा टप्प्यात येईना. रॉस म्हणाला, "शनिवारी शेवटचं. नीट चाललास तर हिवाळाभर डोंगर तुझा."

हरीश दुकानात गेला. दुकानदारानं विचारलं, "चालणार कुठं?"

"गोटे, दलदल, पाइनचं रान, उभी चढण. सगळीकडं."

"मग एका जोडात भागणं अवघड."

हरीशचं डोकं सटकलं. ह्याच्या बापानं एका वहाणेवर अख्खं माण तुडवलेलं. त्यानं घोट्याच्या वरपर्यंत येणारे जाड कातडी बूट उचलले. माल चांगला होता, पण घरी येईस्तोवर टाच सोलून निघाली.

शहाणा माणूस असला बूट रोज थोडाथोडा घालून पायाला लावून घेतो. हरीशनं गावाकडची रीत काढली. नवी वहाण चावली की तिला तेल पाजायचं.

"अहो, ते गोडं तेल भज्यांसाठी आणलंय!" त्याची बायको मंदा ओरडली.

"कातडं हाय. पिऊ दे."

"वहाणेला टाके असतात. ह्याचा तळ चिकटवलेला दिसतोय."

"चामड्यातलं तुला काय कळतंय?"

"भज्यांतलं कळतंय. बाटली संपवलीत!"

दोन रात्री बूट तेलात लोळले. शनिवारी बघितलं तर बाळाच्या टोपऱ्यासारखे मऊ. हरीश खूश. पण गोट्यांवर उतरला आणि घोटा डावीकडं मुरगळला, मग उजवीकडं. मऊ पडलेलं कातडं घोटा धरंनाच. दात-ओठ खात दलदल ओलांडली, तर डाव्या बुटाचा तळ चवड्यापासून सुटला. वर पाइनच्या कडेला एक दांडगा ससा पाठ करून बसलेला. रॉसनं खुणावलं, तुझा. हरीशनं नेम धरायला एक पाऊल टाकलं आणि सुटलेला तळ आपटला.

फटाक्!

ससा पळाला. ह्यानं चिडून पाय आपटला. फटाक्! झुडपातले आणखी तीन पळाले. मग तळ उपटून भिरकावला आणि काट्याकुट्यातून एका पायावर लंगडत खाली आला.

रॉस शांत होता. "डोंगराच्या गेटची चावी माझ्याकडंच राहू दे, दोस्ता."

"पुढच्या शनिवारी दुसरे घालून येतो."

"हे तू मागच्या वेळीही म्हणालास."

पुढच्या सीटवर तेलाचा डाग नको म्हणून रॉसनं त्याला मागं, कुत्र्याशेजारी बसवलं. गाडी हलली तशी कुत्र्यानं बूट चाटायला सुरुवात केली. हरीशनं पाय ओढून घेतला आणि अस्सल माणदेशी शिवी हासडली. कुत्र्यानं मान वळवून दुसरा बूट धरला.